नळी खाली ठेव

नानाखेडा, उज्जैन
रविवार, १५ जानेवारी १९९५

श्री. यज्ञेश्वर टोकेकर यांस,

‘तीर्थरूप’ लिहायचे विसरलेलो नाही. काल संक्रांत झाली, पाकिटात तिळगूळ नाही, तोही विसरलेला नाही.

२७ डिसेंबरला घराला कुलूप लावून तुम्ही नाशिकला विजयाताईंकडे गेलात. रेडिओचा संच बरोबर नेलात. गच्चीवरची एरियलची तार आणि केबल तशीच सोडलीत. आमच्या फाटकाशी थांबला नाहीत. रिक्षावाल्याला मात्र म्हणालात, “एका मूर्खाने एक काम नीट केलं असतं ना भैया, तर ही वेळ आली नसती.” मी गच्चीच्या कठड्याआड उभा होतो. त्या रिक्षावाल्याला मराठी कळत नव्हते. मला कळते. मी अकरावीपर्यंतच शिकलो आणि तेही हिंदी शाळेत, तरी कळते, कारण ते तुम्ही शिकवलेत.

४ डिसेंबरला मांडवात काय घडले ते तुम्ही पाहिलेले नाही. तुम्ही भिंतीपलीकडे तुमच्या खोलीत कानाला हेडफोन लावून रेडिओवर बोलत बसला होतात. नंतर कॉलनीतल्या प्रत्येकाने तुम्हाला आपापल्या परीने सांगितले असणार. मी क्रमाने लिहितो.

ताईच्या साखरपुड्यासाठी इंदूरची मंडळी साडेदहाला आली. मुलगा चिन्मय, त्याचे आईवडील, आणि आणखी अकरा जण. मी ज्या दुकानात टेप आणि टीव्ही दुरुस्त करतो, त्या माधव नगरच्या दुकानातून अ‍ॅम्प्लिफायर आणि एक भोंगा मीच आणला होता. माइकची वायर मधून नेली असती तर बायकांच्या पायात आली असती, म्हणून ती मी तुमच्या-आमच्या मधल्या भिंतीवरून नेली. तुमची केबल गच्चीवरून त्याच भिंतीला धरून उतरते. दोन्हींत वीतभर अंतर होते. हे मला दिसले होते. त्यात धोका आहे हे दिसले नाही.

अकरा वाजून पाच मिनिटांनी सनईच्या कॅसेटची बाजू बदलण्यासाठी मी टेप थांबवला. चिन्मयची आई ताईची ओटी भरत होती. भोंग्यातून आधी घरघर आली आणि मग तुमचा आवाज आला. शब्द हे होते, मी त्याच दिवशी लिहून ठेवले:

“मुलगी सोन्यासारखी आहे हो, अरविंदराव. लहानपणी फिट यायच्या तिला. आता सात वर्षांत काही नाही. पण मुलाकडच्यांना सांगितलेलं नाही. सांगायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. ओव्हर.”

ओटीतले तांदूळ चिन्मयच्या आईच्या ओंजळीत तसेच राहिले. कोपऱ्यात जिलबी काढणारा आचारी म्हणाला, “अरे भिया, ये ओवर-ओवर कौन कर रिया हे?” आणि दोन-तीन जण हसले. मी स्विच बंद केला. चिन्मयची आई माईला म्हणाली, “हे काय ऐकतोय आम्ही?”  चिन्मय मान खाली घालून बसला. पाऊण तासात मांडव रिकामा झाला. ‘कळवतो’ म्हणाले. आठ दिवसांनी इंदूरहून चार ओळींचे कार्ड आले. ओटीतला नारळ इथेच राहिला.

जळगावच्या अरविंदरावांना मुलाकडची माणसे माहीत होती, त्यांनी रेडिओवर विचारले, तुम्ही उत्तर दिलेत. इतके मला समजते. पण ज्या वहीत मी तुमच्याकडे रेडिओ शिकलो तिच्या पहिल्या पानावर तुम्हीच लिहून घेतले होते की दुसऱ्याच्या घरची गोष्ट हवेवर बोलायची नाही, कारण कोण ऐकते आहे ते बोलणाऱ्याला दिसत नाही. ते पान माझ्याकडे आहे.

आता माझे काम. फिट येत असत हे आमच्या घराबाहेर कुणालाही माहीत नव्हते. बाबा गेल्यावर आम्ही तिघे: माई, ताई आणि मी. ताईची खात्री आहे की तुम्हाला ते माईने सांगितले. माई तुमच्याकडे दर गुरुवारी ताकाचा गडू घेऊन जायची, म्हणून. ४ डिसेंबरपासून प्राजक्ताताई माईशी बोललेली नाही. “आल्हाद, माईला सांग, मला आज उशीर होईल.” माई दोन हातांच्या अंतरावर बसलेली असते. मी सांगतो. “माईला विचार, गिरणीत जायचंय का.” मी विचारतो. माई मला उत्तर देते, मी ताईला देतो. बेचाळीस दिवस झाले. माई शपथ घेते, ताई शपथेच्या मध्येच उठून आत जाते.

तुम्ही ताईला एक पत्र लिहावे. त्यात एवढेच लिहावे की माईंनी मला हे सांगितले नाही. कुणी सांगितले ते लिहायची गरज नाही. माझ्या तोंडून या विषयावर तुमच्यापुढे एक अक्षर गेलेले नाही, हे तुम्ही शपथेवर सांगू शकाल.

दुसरे, तुमचा आवाज केबलबाहेर गळू नये म्हणून घालायच्या वेटोळ्याबद्दल. कॉलनीत बोलले जाते की मी ते मुद्दाम चुकीच्या जागी बांधले. तुमच्या हातची चिठ्ठी माझ्याकडे आहे, १९ ऑक्टोबरची, तुम्ही मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नाशिकला निघालात त्या दिवशीची. ती तशीच उतरवतो: “केबलचे नऊ वेढे चार इंची नळीवर गुंडाळ. वेढे शेजारी-शेजारी, एकावर एक नकोत. नळी खाली ठेव.” मी नऊ वेढे घातले. एकही दुसऱ्यावर चढला नाही. नळी खाली ठेवली. हिरवी पट्टी डोळ्यावर घेऊन तुम्ही परत आलात तेव्हा विचारलेत, “नळी खाली ठेवलीस ना?” मी म्हटले, “ठेवली.” तुम्ही म्हणालात, “शाबास.”

तुमचा शब्द, तुमची शाबासकी. मग मूर्ख मी कसा?

आल्हाद

२ फेब्रुवारी १९९५

श्री. टोकेकर यांस,

तुमचे कार्ड मिळाले. आधी हे सांगा, कार्ड का पाठवलेत? मी पाकीट पाठवले होते. कार्ड पोस्टमन वाचतो, त्याचा शेजारी वाचतो. ते मला दुपारी जेवायला आलो तेव्हा दारात मिळाले म्हणून बरे. ताई शाळेतल्या नोकरीवरून अर्ध्या तासाने येते.

तुम्ही लिहिलेत: “खाली म्हणजे रिकामी. नळीच्या आतून लोखंडी खांब जाऊ देऊ नकोस, आत पोकळी राहू दे, एवढाच अर्थ. वेटोळं वर तारेच्या सांध्यापाशीच असतं, हे शेंबडं पोर सांगेल. तू ते खिडकीत, कूलरमागे बांधशील असं मला स्वप्नातही वाटलं नाही.”

मी हे अकरा वेळा वाचले. मला हसू आले आणि मग ते थांबेना. माईने विचारले, “काय रे?” मी म्हटले, “टोकेकरकाकांनी हिंदी लिहिलंय.”

आठवते का, मी पंधरा वर्षांचा होतो, पहिल्यांदा तुमच्याकडे आलो. सरबत पिऊन म्हणालो, “काका, ग्लास खाली झाला.” तुम्ही वाकून टेबलाखाली बघितलेत. “कुठे खाली? खाली तर फरशी आहे.” मग वहीत लिहून घेतलेत, ‘ग्लास रिकामा झाला’, दहा वेळा. “इथली मराठी माणसं अडीचशे वर्षं इथे राहून अर्धी भाषा विसरली. माझ्या खोलीत ते चालणार नाही.” मी ‘नली’ म्हणत असे, तुम्ही ‘नळी’ म्हणायला लावलेत. मी ‘वेडे’ लिहिले, तुम्ही ‘वेढे’ करून घेतलेत. पाइपला पाइपसुद्धा म्हणू दिले नाहीत. सात वर्षे तुमच्यासमोर तोंड उघडण्याआधी मी प्रत्येक शब्द उलटा करून त्याखाली हिंदी चिकटली आहे का ते बघत आलो. म्हणून तुमची चिठ्ठी वाचताना दुसरा अर्थ माझ्या मनात आला नाही असे नाही. आला. नळी रिकामी ठेव, असा असू शकेल का? पण मी स्वतःला म्हटले, यज्ञेश्वरकाका ‘खाली’ असे कधी लिहिणार नाहीत. दुसरा कुणीही लिहील, हलवाई लिहील, मी लिहीन. ते नाही.

तुम्ही बत्तीस वर्षे उज्जैनच्या स्टेशनात तारा घेतल्यात. बत्तीस वर्षांत हा एक शब्द तुमच्या केबलच्या बाहेरून ओघळत आत आला आणि तुम्हाला कळले नाही. मलाही कळले नाही, कारण मी तुमच्यावर विश्वास ठेवला. चूक कुणाची हे आता तुम्ही ठरवा. शुद्धलेखन तुमचे.

रेडिओच्या पुस्तकात वेटोळ्याचे चित्र होते, हे खरे. चित्रात वेटोळे वर होते, हेही खरे. मी चित्रापेक्षा चिठ्ठी मोठी मानली.

तेव्हा दोघांनाही वाटले होते की काम फत्ते झाले. आधी बोलताना माइकच्या जाळीला ओठ लागला की चटका बसायचा, तो वेटोळे बांधल्यावर बसेना. तुम्ही ओठ टेकवून टेकवून बघितलेत आणि म्हणालात, “गेला!” गेला नव्हता. खिडकीशी वेटोळे असल्यामुळे तो तुमच्या खोलीत यायचा थांबला होता. भिंतीवर सगळी केबल तशीच तापलेली होती. तुमची खोली तेवढी वाचली. आमची भिंत नाही.

ताईच्या पत्राबद्दल तुम्ही शेवटी एक ओळ लिहिलीत: “तोंडून नाही, हे खरे. पण मला कुणी कळवले हे प्राजक्ताने विचारले तर मी खोटे बोलणार नाही.”

ही ओळ उघड्या कार्डावर लिहायची होती का?

कार्ड मी फाडले नाही. चिठ्ठीसोबत ठेवले आहे.

आ.

१९ फेब्रुवारी १९९५

यज्ञेश्वरकाका,

मायना बदलला आहे, कारण काम अडले आहे. तुम्हाला ते कळेलच, म्हणून आधीच कबूल करतो.

गेल्या रविवारी ताईने तो नारळ फडताळातून काढून माझ्या हातात दिला. माई तो फोडूही देत नव्हती आणि टाकूही देत नव्हती. ताई म्हणाली, “माईला सांग, हा घरात राहिला तर मी राहणार नाही. रामघाटावर सोडून ये.” मी सायकलवर गेलो. पायरीवर उतरलो तर एक पंडा हाक मारून विचारतो, “किसके नाम से, बेटा?” मी म्हटले, “किसी के नाम से नहीं.” तो म्हणाला, “फिर कायको डुबो रिया है? घर ले जा, चटनी बना.” मी नारळ पाण्यात सोडला. तो बुडाला नाही. डुलत डुलत घाटावरच्या दगडी छत्रीपर्यंत गेला आणि तिथे अडकला.

परत आलो तेव्हा माई मोरीपाशी रडत होती. मला म्हणाली, “आल्हाद, मलाच आता वाटायला लागलंय रे की मीच बोलले असेन. ताक द्यायला गेल्यावर कधीतरी. म्हातारपणी आठवत नाही माणसाला.” माईचे वय एकोणपन्नास आहे.

काका, तुम्ही लिहा की रेल्वेच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने सांगितले. बाबा ताईला तिथेच नेत असत. तो कंपाउंडर पाच वर्षांपूर्वी वारला, त्याला कुणी विचारायला जाणार नाही. एक ओळ पुरे. माई सुटेल.

तुम्ही म्हणाल, मी खोटे बोलणार नाही. हवेवर मात्र खरे बोललात. भोंग्यातून. ‘माझं स्पष्ट मत आहे.’ तुमच्या खरेपणाची किंमत माझी बहीण देते आहे. एक खोटे तिच्यासाठी बोला.

आता तुम्हाला माहीत असलेलीच गोष्ट लिहितो, कारण तुम्ही ती कार्डावर अर्धी लिहिलीत आणि अर्धी राहिली की मला झोप लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात मी रेडिओच्या लायसन्सच्या परीक्षेसाठी मोर्सचा सराव करत होतो. मी मोर्सची कळ दाबत असे, तुम्ही डोळे मिटून ऐकत आणि कागदावर उतरवत. एके दुपारी तुम्ही पेन्सिल टाकलीत. “तू वर्तमानपत्रातलं पाठवतोस, मी पहिल्या दोन शब्दांत पुढचं ओळखतो. यात तुझी परीक्षा कसली? मला माहीत नसलेलं काहीतरी पाठव.” मला काही सुचेना. मला माहीत आहे आणि तुम्हाला नाही असे जगात काहीच नव्हते. मग एक सुचले. इंग्रजी अक्षरांत मराठी वाक्य पाठवले. ताईला लहानपणी फिट येत असे, कुणाला सांगायचे नाही.

तुम्ही शेवटपर्यंत उतरवलेत. मग डोळे उघडून म्हणालात, “एकही चूक नाही. मिनिटाला बारा शब्दांची गती असेल.” आणि कागद चुरगळून खिशात घातलात.

मला फार आनंद झाला होता. घरी येताना मी बोटाने सायकलच्या हँडलवर पुन्हा ते वाक्य वाजवले.

तेव्हापासून मी स्वतःला सांगत आलो की मी काही बोललेलो नाही. ओठ हलले नाहीत. ताई विचारते, “तू तर नाही ना सांगितलंस?” आणि स्वतःच म्हणते, “छे, तुला तर धड बोलताही येत नाही.” मी मान हलवतो. तेही बोलणे नव्हे.

आणखी एक. हे तुम्हालाही माहीत नाही. ४ तारखेला भोंग्यातून तुमचा आवाज आला, तेव्हा मी स्विचपासून हातभर अंतरावर होतो. पहिल्याच शब्दाला बंद करता आले असते. मी केले नाही. मी ऐकत राहिलो. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आवाज किती स्वच्छ आहे. खरखर नाही, फाटणे नाही. हे आपण दोघांनी बनवलेले आहे, आणि इतक्या लोकांना ऐकू जात आहे. ‘फिट’ हा शब्द येईपर्यंत मला तेच वाटत होते. तो आल्यावरही हात लगेच उठला नाही. ‘ओव्हर’ ऐकल्यावर उठला. ओव्हर म्हटल्याशिवाय मध्ये तोडायचे नाही, ही तुमची शिकवण.

तुम्ही कंपाउंडरचे लिहा. मी हात जोडतो. पाकिटात पाठवा.

आल्हाद

२ मार्च १९९५

तुमचे पाकीट आले. जाडजूड होते म्हणून मला वाटले, लिहिलेत. आत लायसन्सच्या फॉर्मवर तुमची शिफारशीची सही आणि शिक्का. आणि चिठ्ठी: “कंपाउंडरबद्दल लिहिणार नाही. मेलेल्या माणसाच्या माथी नको. तू स्वतः सांग. गच्चीवरची तार, केबल आणि वेटोळे उतरवून पार्सल कर. इथे विजयाच्या गच्चीवर लावतो. अरविंदराव रोज हाक मारतात म्हणे.”

अरविंदराव हाक मारतात.

बरे.

आल्हाद

१२ मार्च १९९५

मायना लिहिलेला नाही. कोणता लिहावा ते ठरत नाही.

आज सकाळी तुमच्या गच्चीवर चढलो. तारेची दोन्ही टोके सोडली. एका टोकाच्या इन्सुलेटरला चिमणीने काड्या लावल्या होत्या. केबल भिंतीवरून सोडवत खाली आलो, म्हणजे तळाकडे. हा शब्द आता मी वापरण्याआधी थांबतो. कूलरमागून नळी काढली. नऊ वेढे जसेच्या तसे होते.

ताई ओट्यावर मटार सोलत बसली होती. माई आत चुलीशी. ताई म्हणाली, “हे काय लफडं घेऊन आलास घरात?” मी म्हटले, “हेच ते. याच्यामुळे झालं.” ती म्हणाली, “दाखव. मला तरी कळू दे कशामुळे झालं.”

मी तिला समजावले. पातेल्यातून दूध ओततो ना, सगळे दूध धारेने भांड्यात पडत नाही. थोडे पातेल्याच्या बाहेरच्या अंगाला धरून मागे ओघळते आणि ओटा खराब करते. केबलचेही तसे. जे आतून जायचे त्यातले थोडे बाहेरून परत येते, आणि केबल स्वतःच बोलायला लागते. वर, जिथे तार सुरू होते तिथेच हे वेढे घातले की ओघळ तिथल्या तिथे अडतो. मी वेढे वर घातले नाहीत. भिंतीपाशी घातले.

तिने नळी हातात घेऊन फिरवून बघितली. “इतकं सुबक केलंस आणि चुकीच्या जागी लावलंस.”

“हो.”

“पण हे आवाजाचं झालं. त्या म्हाताऱ्याच्या पोटात ते गेलं कसं, हे तुझ्या नळीत नाही.” आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून मोठ्याने म्हणाली, “ते कुठून ओघळलं ते मला माहीत आहे.”

आत माईच्या हातातले उलथने थांबले.  ती आता बोलतच नाही, ती आता मानते.

मी म्हटले, “ताई, माईने नाही. मी.”

ताईने शेंगेत अंगठा घातला होता, तो तसाच राहिला.

मी सगळे सांगितले. मोर्स, पेन्सिल, दुपार. मी कोणते वाक्य पाठवले ते तिने विचारले. मी सांगितले. “कुणाला सांगायचं नाही, हेसुद्धा पाठवलंस?” “हो.” ती हसली. तसे हसणे मी पुन्हा ऐकू इच्छित नाही.

“किती वेळ लागला?”

“कशाला?”

“ते टकटक करायला.”

“दीड मिनिट. जास्तीत जास्त.”

“दीड मिनिट. आणि एकेक अक्षर सुटं करून. बोलताना निदान तोंडातून निसटलं म्हणता येतं रे, आल्हाद. तू तर स्पेलिंग करून सांगितलंस.”

तिने हातातली शेंग ताटात टाकली.

“चिन्मयला मी सांगितलं होतं,” ती म्हणाली. “नोव्हेंबरमध्ये. इथेच, नानाखेड्याच्या बस स्टँडवर, इंदूरच्या बसची वाट बघताना. म्हटलं, हे घरी कुणाला सांगू नकोस, मी लग्नानंतर तुझ्या आईला माझ्या तोंडाने सांगेन. आठ दिवसांची ओळख होती. त्याने पोटात ठेवलं. मांडवात सगळे त्याच्याकडे बघत होते, तेव्हाही त्याने शब्द मोडला नाही, मान खाली घालून बसला. त्यावरूनच त्याच्या आईला कळलं. ती म्हणते, तुला माहीत होतं आणि तू लपवलंस, ही मुलगी घरात येण्याआधी तुला माझ्याशी खोटं बोलायला शिकवते. ते मोडलं ते यावरून. फिटवरून नाही.”

हे तुम्हाला माहीत नव्हते ना, काका? मलाही नव्हते. तुमचे स्पष्ट मत होते की सांगायला हवे. तिने सांगितले होते. ज्याला सांगायचे त्याला सांगितले होते. ‘सांगितलेलं नाही’ हे तुम्ही आणि मी मिळून हवेवर पाठवलेले वाक्य खोटे होते. तुम्ही खोटे बोलत नाही, म्हणून मुद्दाम कळवतो.

मग ताई उठली. सोललेल्या मटारांचे ताट घेऊन आत गेली आणि म्हणाली, “माई, हे धुऊ का तसेच टाकू?”

अठ्ठ्याण्णव दिवसांनी.

 माई उलथने धरून उभी राहिली. ताईच म्हणाली, “बरं, धुते.”

जेवताना तिघे बसलो. मी मीठ मागितले. मीठ ताईच्या हाताशी होते. ताई म्हणाली, “माई, त्याला सांग, समोर आहे, घे.” माईने माझ्याकडे बघितले. समोर नव्हते. मी उठून ताईच्या बाजूला गेलो आणि घेतले.

तर आता असे आहे. हे किती दिवस चालेल ते मी मोजायचे नाही असे ठरवले आहे.

लायसन्सचा फॉर्म परत पाठवत आहे. तुमच्या सहीवर रेघ मारली आहे, दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून. परीक्षेला बसणार नाही. चांगल्या चारित्र्याची शिफारस आहे ती, आणि आपण दोघेही जाणतो.

तारेच्या दोन गुंडाळ्या आणि केबल गोणपाटात बांधली आहे. वेढे सोडवले. उलगडताना केबलला वळणाची सवय राहिली आहे, ती जमिनीवर सरळ पडत नाही, पण तुमच्या कामाला चालेल. विजयाताईंच्या गच्चीवर लावताना नऊ वेढे घाला, शेजारी-शेजारी, तारेच्या सांध्यापाशी. आणि बोलण्याआधी शेजारी मांडव आहे का बघा.

नळी वेगळी पाठवली आहे. दोन्ही बाजूंनी डोळा लावून बघितली, आत काही नाही. नळी खाली आहे. तुम्हाला हवी होती तशी.

आल्हाद